डोणगावचं अमर सेशन

जे जिवंत आहे ते जिवंत ठेवणं, हे कोणत्याही कार्यालयाचं आद्य कर्तव्य होय. (कशासाठी, हे दुसऱ्या टेबलावर विचारावं.)

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं पाकिटावर छापलेलं होतं. अळीला वाचता येत नसल्यानं ती लागली. मग डोणगावच्या नुकसान कक्षातून बाधितांची यादी दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. पण अर्ध्यात लाईट जायची, जोडणी तुटायची आणि टर्मिनलमधलं, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीतलं, सगळं काम मरायचं. शेवटी माझ्या मोईजभाईनं तिकडच्या एडिटरच्या (मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या) आतच टर्मिनल उघडायची युक्ती बसवली. आता इकडची जोडणी तुटली तरी तिकडचं सेशन, म्हणजे सुरू केलेलं काम, चालूच; परत जोडलं की जिथं सोडलं तिथंच उभं. भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण डोकं आहे भाईले.

कक्षप्रमुख किसनराव भारावले. सेशनला हार घातला (म्हणजे मॉनिटरला). मलकापूरच्या पाहुण्यांसमोर वायर उपटून दाखवली, तरी सेशन जिवंत. आमची दहावीची तुकडी रांगेनं दर्शनाला नेली. सेशनची हजेरी शंभर टक्के भरली. किसनरावांची एवढी कधी भरली नाही.

फक्त पडद्यावर खाली एक ओळ होती: ‘यादी पाठवायची? हो/नाही’. ‘हो’ दाबलं की काम संपणार, काम संपलं की सेशन बंद. इतकं जपलेलं सेशन आपल्याच हातानं मारायचं? भाई दाबायला निघाला, तर त्याचं काम जोडण्याचं आहे, संपवण्याचं नाही, असं त्याला कळवण्यात आलं. कीबोर्डवर फडकं टाकलं गेलं.

आमच्या शेजारच्या सिंधूताई त्याच यादीतल्या; त्या रोज कक्षात चक्कर मारायच्या. यादी गेल्याशिवाय पंचनामा नाही, पंचनाम्याआधी पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) उपटायची नाही, आणि हरभऱ्याची पेर तर निघून चालली. मेलेलं पीक वावरात उभं, जिवंत सेशन कक्षात. शासकीय समतोल म्हणतात तो हाच.

शेवटी ताई म्हणाल्या, "साहेब, मीच दाबू का ते बटन?"

"काऊन घाई करता, ताई? काम चालूच आहे न. पाहा, कसं जित्तं आहे."

"माह्या वावरातली अळीबी जित्तीच आहे," ताई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

हरभरा राहून गेला. सेशन सुखरूप आहे.

आता हसू नका. त्या साली आमच्या बोंडअळीची बातमी तुम्हीही फोनवर उघडून ठेवली होती न, निवांत वाचू म्हणून? जाऊन पाहा. अजून उघडीच असेल.