मीरासाहेबांना उभ्यानं वाजवता येत नाही

"सुहासिनी मॅडम, आजचा तास रंगला नाही, तर सोमवारपासून पाचवीला संगीताच्या जागी गणित," असं म्हणत मुख्याध्यापक अनंत सर मागच्या बाकावर टेकले आणि तेवढ्यात लाइट गेली. गुरुवार! पिंपरीत गुरुवारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जॅझच्या स्लाइड्स बनवण्यात गुंगलेल्या सुहासिनीबाईच तेवढ्या विसरल्या.

स्पीकर मुका, पडदा काळा. बाईंनी मग तोंडानंच सुरुवात केली. जॅझ जन्मलं अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स शहरात. ज्यांच्या आजी-आजोबांना गुलाम करून राबवलं, त्या कृष्णवर्णीय लोकांनी ते घडवलं. मिरवणूक असो, लग्न असो की अंत्ययात्रा, बँड रस्त्यानं पुढे आणि लोक मागे. ताल सगळ्यांचा एक, सूर मात्र ज्याला जो सुचेल तो.

"पण बाई, ऐकू कधी येणार?" मिहिरनं जांभई दिली. अनंत सरांनी घड्याळ पाहिलं.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच मीरासाहेबांच्या लग्नाच्या बँडचं दुकान! पाचच मिनिटांत मीरासाहेब सॅक्सोफोन घेऊन मैदानात हजर, मागे ट्रम्पेटवाला आणि ढोलवाला.

"कोणतं गाणं घेऊ, मॅडम?"

"कोणतंच नको. मनाला येईल ते वाजवा."

मीरासाहेब गांगरले. आजवर नवरदेवाच्या मावसभावांनी त्यांच्या मनाला कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी फुंकलं, तर नुसती हवा.

"उभ्यानं नाय निघत हो, मॅडम. पाय चालले की तोंड चालतं."

"मग मैदानाला एक चक्कर मारा."

पाय हलले आणि काय सूर निघाला! सगळा वर्ग नाचत मागे. पण वरातीच्या पायांना गोल फिरायची सवय कुठली? फाटक दिसलं, तसा बँड सरळ रस्त्यावर. बँडमागे पाचवी, पाचवीमागे बाई.

"अहो, थांबा! थांबा!"

वरातीत मागून ओरडतात ते जोरात वाजवा म्हणूनच. मीरासाहेबांनी जोर केला.

कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाबाहेर एक नवरदेव घोड्यावर वाळत होता. त्याचा बँड देहूरोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "आला रे!" म्हणत अख्खी वरात मीरासाहेबांमागे घुसली. धापा टाकत आलेल्या अनंत सरांना नवरदेवाच्या मामानं धरलं. "किती उशीर, पाव्हणं!" म्हणत त्यांना फेटाही बांधून टाकला.

जीव मुठीत धरून बाईंनी पोरं मोजली. सगळी होती. प्रत्येकाच्या हातात जिलबीही होती. बाईंच्या जिवात जीव येतो न येतो, तोच समोर अनंत सर, फेट्याचा तुरा थरथरवत.

"याला शिकवणं म्हणतात? मिहिर, काय शिकलास, सांग!"

मिहिरनं बोटं चाटली. "सर, काकांनी एकपण ठरलेलं गाणं वाजवलं नाही. बँड पुढं, आपण मागं. हे रस्त्यावरच होतं, सर. वर्गात कसं होणार?"

सरांनी रागवायला तोंड उघडलं. पण ढोल वाजत होता आणि डोक्यावरचा तुरा त्यांना न विचारताच ठेका धरत होता.

"राहू द्या संगीताचा तास," ते पुटपुटले. बाईंनी अस्सा सुस्कारा सोडला की घोड्यानं कान टवकारले.

एवढ्यात वर्गातल्या पूर्वीनं सरांचा शर्ट ओढला. "सर, लग्नाचं झालं. आता अंत्ययात्रेला कधी जायचं?"

सरांनी घाईघाईनं फेटा सावरला. "ते... ते मॅडम फळ्यावर काढून दाखवतील!"