फरशी वाळेपर्यंत

आमच्या समोरच्या घरातले साळवे काका रोज सकाळी स्वतःलाच घराबाहेर काढतात. फरशी पुसून. ओलं फडकं घेऊन ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उकिडवे बसतात आणि मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत येतात. मग बादली बाहेर, काका बाहेर आणि आत ओल्या शहाबादीचं राज्य. आमची इमारत जुनी, फरशीही जुनी; वाळायची तिला कधीच घाई नसते.

तोवर काका जिन्यात बसतात. कशावर, तर गालिच्यावर. पुसायच्या आधी बैठकीतला लाल गालिचा कठड्यावर टाकून ते काठीनं मनसोक्त झोडपतात, गुंडाळून भिंतीलगत आडवा ठेवतात आणि त्या गुंडाळीवर ऐसपैस बसतात. ही रीत मूळची काकूंची. पुसायच्या त्या, झोडपायचे काका आणि वाळेपर्यंत दोघं गुंडाळीवर शेजारी शेजारी. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांनी फडकं हाती घेतलं.

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. म्हणून कपडे खळबळल्यावरचं शेवटचं पाणी काका फरशीसाठी राखून ठेवतात. एका बादलीत सगळं घर. नाव ठेवायला जागा नाही.

जिन्यातून जाणाऱ्याची मात्र सुटका नाही. दूधवाल्या अस्लमभाईंचा गुडघा, मी शिकवते त्या शाळेच्या परीक्षा, वरच्या मजल्यावरची गळकी टाकी, सगळ्याची चौकशी होते. कुणी आत पाऊल टाकायला गेलं की एकच वाक्य, "वली हाय, थांबा." देवगाव रंगारीहून आलेले त्यांचे सख्खे मेहुणे एकदा खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन तसेच थांबले होते.

मी एकदा शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, काका, दारापासून पुसत आत जा, म्हणजे स्वयंपाकघरात चहा पीत बसता येईल. मी भाकरीत साखर घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तसं नसतंय ताई. घाण बाहेर न्यायची असती, आत नाय."

मग पुण्याच्या मुलानं फरशी पुसणारं यंत्र पाठवलं. थाळीएवढं, गोल, आपलं आपण फिरणारं. मुलगा तिकडून मोबाइलवर ते सुरू करायचा. वडिलांचे गुडघे वाचले म्हणून पोरगं खूश. काकांनी यंत्राचं नाव ठेवलं जावई. "घरभर मिरवतंय आन् दमलं की जागंवर जाऊन बसतंय. काम थोडं, तोरा लई."

पण जावई पुसायचा इतकं कोरडं की मागोमाग फरशी वाळायची. बाहेर बसायला निमित्तच उरलं नाही. काकांचं दार बंद राहू लागलं. जिना ओकाबोका झाला. एवढी वर्षं ज्यांना चुकवून मी शाळेला पळायचे, त्यांच्याविना मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. अस्लमभाईंनीही मला विचारलं, "चचा ठीक हैं ना?"

एका सकाळी गालिचा झोडपल्याचा आवाज आला. मी दार उघडलं. बादली बाहेर, काका गुंडाळीवर.

जावई कुठाय, असं मी विचारलं. गालिच्याची झालर गिळून अडकून बसलाय म्हणाले. म्हटलं, आणा इकडं, कात्रीनं धागे काढून देते, दोन मिनिटांचं काम आहे.

"राहू द्या," काका म्हणाले. मग ओल्या फरशीकडं बघत, हळू आवाजात, "त्याच्यानं लगेच वाळतंय, ताई. मंग दार लावून आत बसावं लागतंय. आत कोन हाय?"

काका गुंडाळीच्या एका टोकाला सरकले. शाळेला उशीर होत होता, तरी मी दुसऱ्या टोकावर बसले. परीक्षांचं झालं, टाकीचं झालं, मग बराच वेळ काकूंच्या हातच्या ठेच्याचं.

बोलता बोलता माझं लक्ष आत गेलं. फरशी उंबऱ्यापर्यंत कोरडी ठणठणीत झाली होती. काकांनीही तिकडंच पाहिलं.

"वली हाय अजून," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो, आहे."