रस्सा आजच खायचा नसतो

भूक लागल्यावर जेवायला बसणे कोणत्याही जनावराला जमते. भूक लागलेली असताना न बसणे, याला संस्कृती म्हणतात. या कसोटीवर फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातले ब्रिसे हे गाव जगात फारच वर ठरावे. तिथे मानाच्या रश्शाचे बंधुमंडळ आहे. गोमांस, गाजर, कांदे आणि लाल वाइनची आख्खी बाटली यांपासून होणाऱ्या रश्शाचे रक्षण करणे हे मंडळाचे ध्येय आहे. (रश्शावर हल्ला कोणी केला होता हे सांगता येत नाही. पण ज्या अर्थी रस्सा अजून शाबूत आहे, त्या अर्थी मंडळाचे काम चोख असले पाहिजे.) सभासदांना वाइनच्या रंगाचा मखमली झगा, पसरट टोपी आणि गळ्यात घालायला पातेल्याच्या आकाराचे पदक मिळते. हा सरंजाम अंगावर चढवून ते गावोगाव जातात आणि गोगलगायींच्या, मोहरीच्या व चीजच्या बंधुमंडळांबरोबर मिरवणुका काढतात.

आन्सेल्म बिझुआरला हा झगा हवा होता. तो निवृत्त पोस्टमन. झगेवाल्यांची पत्रे पोहोचवण्यात त्याची हयात गेली होती. त्यातून त्याचा मेहुणा गोगलगायींच्या मंडळात. नाताळच्या जेवणाला तो हिरवा झगा घालून यायचा आणि आन्सेल्म त्याच्यासमोर स्वेटरमध्ये बसायचा. हे दुःख ज्याने भोगले नाही, त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही.

सभासदत्वाची पद्धत सोपी आहे. उमेदवाराने स्वतःच्या घरी रस्सा रांधायचा, कार्यकारिणीने येऊन तो चाखायचा आणि पसंत पडल्यास झगा द्यायचा. आन्सेल्मने शारोले जातीच्या पांढऱ्या बैलाच्या खांद्याचे मांस आणून ते शुक्रवारीच वाइनमध्ये मुरत घातले. रविवारी पहाटे उठून खारवलेली चरबी वितळवली, तुकडे लालसर परतले, गाजर, लसूण, तमालपत्र टाकले, वाइन ओतली आणि बिडाच्या पातेल्यावर झाकण ठेवले. दुपारपर्यंत घराला असा वास सुटला की पोटात कावळे ओरडू लागले. बायको ओदीलने टेबल मांडून ठेवले.

कार्यकारिणी आली. महाप्रमुख रेजिस जाकोतो यांनी झाकण उचलले, डोळे मिटून वास घेतला आणि मान डोलावली.

"सुरेख! आजच केलात?"

"हो, मस्यू जाकोतो. पहाटेपासून शिजतोय."

"मग आज कसा खायचा? बिझुआर, तुम्ही इथलेच ना?"

आन्सेल्मचे कान लाल झाले. हा रस्सा दुसऱ्या दिवशी, गरम करून, अधिक चांगला लागतो याबद्दल प्रांतात दुमत नाही. (शंभरपैकी शंभर जण असे मानतात; एकशे एकावा पॅरिसला राहायला गेला.) चूक उघड होती. कार्यकारिणीने आन्सेल्मच्या तळघरातल्या दोन बाटल्या वाइन चीजबरोबर संपवल्या आणि परीक्षा उद्यावर गेली.

सोमवारी झाकण पुन्हा उघडले. वास कालच्यापेक्षा सरस होता आणि अडचण नेमकी तिथेच होती.

"काल थांबलो म्हणून आज इतका छान झाला," जाकोतो म्हणाले. "मग आज घाई करायची म्हणजे मूर्खपणाच नाही का?"

हा मुद्दा कोणालाही खोडता येईना. औषधाच्या दुकानाच्या मालकीण मादाम पेरोदाँ कार्यकारिणीत नव्याच होत्या. त्या तेवढ्या म्हणाल्या, "पण कधीतरी खायचाच असेल ना?" त्यांच्याकडे सर्वांनी प्रेमाने पाहिले आणि पदके घासण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले.

मंगळवारी रस्सा सोमवारपेक्षा चांगला निघाला आणि बुधवारी मंगळवारपेक्षा. आन्सेल्म रोज तो मंद आचेवर गरम करी, आटला की वाइन घाली. गाजरांनी राजीनामा दिला. मांसाचे तुकडे फक्त आठवणीने चौकोनी राहिले. मांजराने स्वयंपाकघरातून हलणे सोडले.

"आन्सेल्म, घरात रस्सा आहे आणि मी सार्डिन माशांचा डबा फोडतेय," ओदील म्हणाली. "मला त्या सार्डिनची लाज वाटते."

"परीक्षा आहे गं."

"रश्शाची की माझी? एकदाच काय ते सांग. तुला जेवण हवंय की झगा?"

आन्सेल्मने प्रामाणिकपणे विचार केला. "झगा," तो म्हणाला.

शनिवारी तळघर कोरडे पडले, म्हणून आन्सेल्म कार्यकारिणीसाठी वाइन आणायला गेला. तेवढ्यात मादाम पेरोदाँ सर्वांची घासलेली पदके घेऊन थोड्या आधीच आल्या. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिले, मग पातेल्याकडे पाहिले. ओदीलने पाव कापला. त्यांनी रस्सा खाल्ला, दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि शेवटी पावाने पातेले असे पुसले की घासायची गरज उरली नाही.

आन्सेल्म परतला तो कार्यकारिणीला घेऊनच. जाकोतोंनी झाकण उचलले. आत पातेल्याचे बूड चकाकत होते. झगा हातचा गेला हे आन्सेल्मला कळून चुकले आणि एवढ्या मोठ्या माणसाला सर्वांदेखत रडू आले.

जाकोतोंनी पातेले उजेडाकडे तिरके करून पाहिले.

"मी एक विचारतो," ते म्हणाले. "हा रस्सा उद्या याहून चांगला होईल का?"

होईल असे कोणालाच म्हणता येईना.

"आजवर प्रत्येक रश्शाला आपण थांबवत आलो. ज्यात आणखी सुधारणा संभवतच नाही, असा हा पहिलाच. बिझुआर, जिंकलात!"

ठराव एकमताने मंजूर झाला. ओठाचा कोपरा रुमालाने टिपत मादाम पेरोदाँनी सर्वांत आधी हात वर केला. "चव तर विचारूच नका," त्या म्हणाल्या, आणि कोणी विचारली नाही.

आन्सेल्मच्या खांद्यावर झगा चढला. तो त्याला नेमका बसत होता. आरशासमोरून त्याला हलवेना, तेव्हा जाकोतो त्याच्या कानाशी लागले. "ऊठसूट घालायचा नाही हं. मखमल आहे, रश्शाचा एक थेंब पडला की संपलं. चांगल्या प्रसंगालाच काढायचा." आन्सेल्मने तो त्याच संध्याकाळी डांबरगोळ्या घालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला.

"नाताळला तरी घालशील ना?" ओदीलने विचारले.

"नाताळ काय, दरवर्षीच येतो," तो म्हणाला.

वाचकांना आन्सेल्मचे हसू येणे स्वाभाविक आहे आणि मंडळाची त्याला हरकत नाही. हसून झाल्यावर मात्र त्यांनी उठावे आणि आपल्या घरातले काचेचे कपाट उघडावे. तिथे सोनेरी काठाचा जो डिनर सेट लग्नापासून चांगल्या पाहुण्यांची वाट पाहत बसला आहे, त्यातली एक ताटली काढून आज रात्रीची खिचडी तीत वाढून घ्यावी. हे ज्याला जमेल त्याने खुशाल हसावे. बाकीच्यांनी झग्याचे माप कळवावे.