टोपड्यातला कॅमेरा

‘नगा लवू पापण्यांनो, बाळ खेळतं अंगणी...’

जात्यावरची आईची ही ओवी सुभेदार ऋषिराजच्या कानात अजून घुमायची. तीच आई, अंबूबाई, वाईच्या वृद्धाश्रमात सारखी पडत होती. का, ते सांगायची नाही. “पाय घसरला रं!” एवढंच.

म्हणून रजेवर येताना गड्यानं कॅमेराच आणला! पापणी न लवणारा डोळा! “आता कारण सापडल्याबिगर हलत न्हाई!”

“थांबा!” संचालक सुमंत गरजले. नियम त्यांनीच रात्रंदिवस खपून रचले होते. “आजींची संमती हवी. खोलीतल्या हरणाबाईंचीसुद्धा! दारावर पाटी हवी. आणि कपडे बदलताना डोळा झाकलेला हवा!”

“झाकते की!” म्हणत हरणाबाईनं त्याला, खाली ओढलं की डोळा झाकणारं, लोकरीचं टोपडंच विणलं. फळीवरचा कॅमेरा बारशाच्या बाळागत दिसू लागला.

अंबूबाई हात जोडून म्हणाली, “लय थोर वस्तू! ट्रॅक्टरला कुंकू लावतो, मग ह्याला नगं व्हय?”

वायर ऑफिसातल्या टीव्हीला जोडली. मागं अख्खा आश्रम श्वास रोखून उभा. पडदा उजळला. खाट! तांब्या! साक्षात अंबूबाई! दोघातिघांनी तर पडद्यालाच नमस्कार केला.

अंबूबाई करंडा घेऊन पुढं आली. मोठी झाली, आभाळाएवढी झाली! मुसळाएवढं बोट आलं आणि पडदा लालभडक!

“रगत!” कुणीतरी किंचाळलं.

“आग!” सुमंतांनी वाळूची बादली उचलली.

सीमेवरच्या बर्फात न डगमगलेला सुभेदार एका चपलेनिशी धावला. मागून सुमंतांनी बादली थेट हरणाबाईच्या गादीवर रिकामी केली!

“आवं, माजी गादी!”

अंबूबाई फळीपाशी शांत उभी. “लागलं का रं कपाळाला?”

कुंकू थेट भिंगाच्या काचेवर थापलेलं.

“आगं, वर टोपड्याला लाव म्हनलं हुतं न्हवं?” हरणाबाई वाळू झटकत करवादली. “दिसत न्हाई व्हय तुला?”

अंबूबाईनं करंड्याचं झाकण लावायला घेतलं. ते बाजूलाच निसटलं. ऋषिराजनं हळूच तिच्या डोळ्यांपुढं हात हलवला.

पापणी लवली नाही.

“आई...”

“व्हय रं. मोतीबिंदू हाय. तुजी रजा डागदराच्या दारात सरंल म्हनून बोलले न्हाई.” चाचपडत तिनं त्याचा ओला गाल धरला. “आन् रडतुयास कशापायी? आदी त्या टोपडंवाल्या लेकराचा डोळा पूस. कुंकू झोंबत आसंल त्याला!”