श्वासरावांची वीज

"अहो, मशीन कुठे ओढताय? गिऱ्हाइकाचा शर्ट आहे त्यावर, एकच बाही झालीये!"

"दुसरी उद्या लाव. आज वादळ आहे," असं म्हणत श्वासरावांनी बायकोचं लोखंडी पायांचं शिलाई मशीन गॅलरीच्या दाराशी ढकलत नेलं. त्यावर मेव्हण्याकडून मागून आणलेला कॅमेरा ठेवला, खाली पुठ्ठे सारले आणि त्याचं तोंड आभाळाकडे वळवलं. घरात मशीनइतकं न डगमगणारं दुसरं काही नव्हतं, हे बायकोलाही मान्य करावं लागलं.

श्वासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते दवाखान्यात एक्स-रे काढत. "श्वास घ्या... रोखा... हलू नका... सोडा!" छातीचा फोटो असो की पायाच्या करंगळीचा, ते प्रत्येकाला श्वास रोखायला लावत. श्वास रोखला की माणूस हलत नाही, हे त्यांचं शास्त्र. मग बटण दाबायचं आणि झटकन शिशाच्या भिंतीमागे पळायचं. हा पळण्याचा भाग त्यांच्या पायांत इतका मुरला होता की घरी मिक्सर सुरू केला तरी ते दाराआड जात.

बायकोला या माणसाचं भारी कौतुक. कापड न उसवता आतलं काय फाटलंय ते सांगणारा नवरा कुठल्या शिंपिणीला मिळतो? पण एक गोष्ट तिला सलायची. इतक्या वर्षांत नवऱ्याने एवढे फोटो काढले, पण "फोटो छान आलाय" असं कुणी म्हटलं नाही. हाडांचे डॉक्टर फोटो उजेडाकडे धरत, "मोडलंय" म्हणत आणि पाकिटात सारत. श्वासरावांचा एकही फोटो कधी कुणाच्या भिंतीवर लागला नव्हता.

आणि आता भिंत मिळत होती. दवाखान्याचा बसायचा हॉल नव्याने रंगवला होता आणि तिथे कर्मचाऱ्यांपैकी एकाचा फोटो मोठा करून लावायचं डॉक्टरांनी जाहीर केलं होतं. सोमवारी निवड. कॅशियरने सूर्यास्त दिला होता, मोठ्या सिस्टरने मांजर. श्वासराव सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "मी वीज देणार."

"विजेला कळवलंयस का?" सासूबाईंनी लेकाला विचारलं.

"आई, तू फक्त श्वास रोखायचा. मेव्हणा म्हणालाय, अंधार करायचा, बटण दाबून ठेवायचं, वीज येते आणि स्वतःच फोटो काढून जाते."

घरातले दिवे मालवले. श्वासरावांनी "रोखा!" म्हटलं, बटण अडकवलं आणि दोघींना दंडाला धरून स्वयंपाकघरात पळवलं. बाहेर आभाळ लखलखलं. तिघंही फ्रीजमागे उभी होती.

"अहो, वीज तिकडे पडली, आपण इकडे का उभे आहोत?"

"सवय गं," श्वासराव ओशाळून म्हणाले.

फोटोत वीज नव्हतीच. समोरच्या बिल्डिंगमधल्या दिव्यांनी सगळं पांढरं फटक पडलं होतं. श्वासरावांनी गॅलरीतून हाक मारली, "वकीलसाहेब! जरा दिवे घालवता का? विजेचा फोटो काढतोय."

वकीलसाहेबांच्या बरगड्या मागच्याच वर्षी श्वासरावांनी पाहिल्या होत्या. त्यांनी दिवे घालवले, वरच्या मजल्यालाही सांगितलं. वरच्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. बघता बघता अख्खी गल्ली काळोखात बुडाली आणि माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली.

"श्वास घ्या!" श्वासराव कडाडले. "रोखा!"

आणि गल्लीने श्वास रोखला. कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा, कुणाचा मणका, प्रत्येकजण कधी ना कधी त्यांच्या टेबलावर झोपून गेलेला. बायकोचा ऊर भरून आला. पावसाच्या आवाजापलीकडे कुठे चकार शब्द नव्हता.

गळक्या छताखाली तिने मघाशी बादली ठेवली होती. ती कुठे आहे हे उजेडात सगळ्यांना माहीत होतं, पण आता उजेड राहिला नव्हता.

श्वासरावांनी बटण दाबलं आणि पाय आपले पळाले. आधी कोपर कॅमेऱ्याला लागलं, मग बादली पायाला. त्याच क्षणी आभाळ फाटल्यासारखी वीज कोसळली. त्या उजेडात श्वासराव जमिनीवर आडवे दिसले.

"सोडा की आता!" सासूबाई गुदमरत ओरडल्या.

कॅमेरा घराच्या दिशेने वळला होता. फोटो आला होता तो सासूबाईंचा. गाल फुगलेले, डोळे बटाट्याएवढे, अन् एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतका स्पष्ट.

"हाच लाव भिंतीवर," त्या म्हणाल्या. पण श्वासराव मनगट धरून विव्हळत होते.

दवाखान्यात दुसऱ्या पाळीवर त्यांच्याच हाताखाली शिकलेला तंत्रज्ञ होता. शिकला तेव्हा डोक्यावर केस होते, आता नव्हते. बायको लाल दिव्याखाली बाहेर थांबली. आतून नवऱ्याचा आवाज येत होता.

"अरे, कोन चुकलाय. हात थोडा तिरपा. हं, आता जा काचेमागे."

"श्वास रोखा, सर."

"मनगटाला श्वास कशाला रे?"

"तुम्हीच शिकवलंत."

आत बटण वाजलं. आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबल्यावर श्वासराव जागचे हलले नव्हते. बाहेर बायकोनेही श्वास धरून ठेवला.

"मोडलंय," पडद्याकडे बघत तंत्रज्ञ म्हणाला. श्वासराव खुर्चीत कोसळले. "सोमवारी काय तोंड दाखवू?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, आणि तो मनगटामुळे नव्हता. बायको दार ढकलून आत आली.

ती पडद्याजवळ गेली. पांढऱ्या हाडात एक काळी चीर वरून उतरली होती, मध्येच फुटली होती, तिला बारीक फांद्या होत्या. शिंपीण होती ती. कापड हातात आलं की उलटं करून बघायची सवय.

"हे उलटं होतं का? काळ्याचं पांढरं?"

"एका बटणात, वहिनी."

बटण दाबलं. काळ्याशार आभाळातून लखलखीत पांढरी रेघ खाली झेपावली.

"जरा मोठं कर," श्वासराव हळूच म्हणाले. दुखणं विसरून ते उठले होते. "कडेचं काप. अजून. बास!" मग त्यांचा चेहरा पडला. "पण हे खोटं होईल ना गं? बटणही मी कुठे दाबलं?"

"कोन कुणी लावला? आणि मोडलं ते वादळातच ना? खाली 'वादळात' एवढंच लिहा. वीज म्हणायचं की नाही ते बघणाऱ्याने ठरवावं."

निवड झाली. भिंतीवर फोटो लागला, भला मोठा. त्याच्यापुढे डॉक्टर मागे हात बांधून उभे राहिले.

"श्वासराव, काय फोटो आलाय! इतकी वर्षं शेजारच्या खोलीत एवढा कलावंत, आणि मला पत्ता नाही?" ते आणखी जवळ गेले. श्वासरावांच्या हाताला प्लॅस्टर घालण्याआधी जे बोट त्यांनी एक्स-रेतल्या भेगेवरून फिरवलं होतं, तेच बोट आता काचेवरून वरून खाली फिरलं. बायको मागे सरून भिंतीला टेकली.

"हा काढतानाच पडलात वाटतं?"

"नाही साहेब. आधी हात मोडला, मग फोटो निघाला."

"मोडक्या हाताने? कमाल आहे तुमची! भीती नाही वाटली?"

"वाटली. पण या वेळी मी पळालो नाही."

डॉक्टरांनी त्यांचा खांदा थोपटला. तेवढ्यात एका पेशंटने एक्स-रे पुढे केला. डॉक्टरांनी तो सवयीने खिडकीकडे धरला.

"मोडलंय," ते म्हणाले. पाकिटात सारता सारता थबकले, पुन्हा उजेडाकडे धरून निरखू लागले. "पण फोटो छान आलाय हं."

श्वासरावांनी बायकोकडे बघितलं. ती लालबुंद होऊन, भिंतीला टेकून ताठ उभी होती. ते तिच्या कानाशी वाकले.

"सोड आता," ते म्हणाले.