दोन वेळची दाढी

आमच्या चाळीतले सदूतात्या, कापडगिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, दिवसातून दोनदा दाढी करायचे. एकदा सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी आणि एकदा संध्याकाळी परत आल्यावर, दिवेलागणीच्या आत. दिवसातून दोनदा दाढी करणारी माणसं जगात असतीलही. तात्यांचं विशेष इतकंच, की त्यांना दाढी नव्हती. हनुवटीवर सात-आठ केस होते, तेही एकमेकांपासून फटकून राहणारे. एवढ्यासाठी हा गृहस्थ उंबऱ्यात पाट टाकून, घराकडे पाठ आणि गॅलरीकडे तोंड करून, अर्धा-अर्धा तास बसायचा. समोर गॅलरीच्या खांबाला तळहाताएवढा आरसा, शेजारी वाटीत गरम पाणी, गालांवर फेस. वस्तरा बहुतेक वेळ हवेतच असायचा.

आणि हे सगळं चालू असताना तात्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे. तेही ओरडून.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सोलापुरात हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो होतो आणि तात्यांच्या शेजारची खोली घेऊन एकटा राहत होतो. आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. त्यामुळे तात्यांचा संसार मला सकाळ-संध्याकाळ घरबसल्या ऐकायला मिळे.

"ही भाकरी हाय का मागाचा पट्टा?" तात्या फेसाळलेल्या तोंडानं विचारायचे.

चुलीपाशी बसलेल्या अनसाकाकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "पट्टाच हाय. गिळा, म्हंजे तुमचा माग चालू ऱ्हाईल."

"मंगळवेढ्याच्या ज्वारीचं लई कौतुक सांगतेस. निस्ता कोंडा निगतोय."

अनसाकाकूंचं माहेर मंगळवेढ्याचं. त्यामुळे ज्वारीवर बोट ठेवलं, की उत्तर हमखास तयार. "कोंडा ज्वारीत न्हाय. खानाऱ्याच्या डोक्यात हाय."

मी फळीपलीकडे तोंडात पंचा कोंबून हसायचो. गंमत अशी, की काकूंचं हे बोलणं सगळ्या चाळीला ऐकू जायचं, फक्त तात्यांना नाही. वीस-बावीस वर्षं विणाईच्या खात्यात काढलेला माणूस. शेकडो माग एकदम खडखडत असतात तिथं माणसाचा आवाज टिकत नाही. लोक एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. कान कधी गेला, हे त्या खात्यात कुणाला कळतसुद्धा नाही, कारण तिथं तो कुणी वापरतच नाही. तात्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. त्यांच्या मते जग हल्ली पुटपुटायला लागलं होतं.

काकूंची रीत जुनी. सासू होती तोवर नवऱ्यासमोर तोंड वर करून बोलायचं नाही, हा घरातला नियम. सासू जाऊन दहा वर्षं झाली तरी नियम राहिला होता. तात्या समोर असले, की काकू चुलीकडे तोंड करून नुसतं "बरं" म्हणायच्या. तात्यांची पाठ फिरली, की वळून त्या पाठीला उत्तरं सुरू व्हायची. बिचाऱ्या तात्यांना वाटायचं, आपली बायको मुकी आहे. निदान मला तरी तसं वाटायचं, की तात्यांना तसं वाटतं.

तात्यांचा दुसरा नाद म्हणजे इंग्रजी बोलपट. तेही सगळे नव्हेत. मारामारीचे नकोत, रडायचे नकोत. आपल्याकडच्या पौराणिक चित्रांवर तर त्यांचा रागच होता. "द्येव भांडत न्हाईत, मास्तर. एकजन शाप देतो, दुसरा दगड हुतो. ह्यात बोलनं कुटं आलं?" त्यांना हवे असायचे ते त्या काळात नुकते येऊ लागलेले अमेरिकन हसवणूकपट. त्यात रेशमी झग्यातली एखादी श्रीमंत बाई आणि एखादा फाटका माणूस पहिल्या रिळात भांडायला लागायची, ती शेवटच्या रिळात लग्न लागेपर्यंत भांडायची. मध्ये कुणी पाण्यात पडे, कुणी कपाटात अडके, कुणी भलत्याच घरात शिरून तिथंच जेवायला बसे. पण तोंडं मात्र थांबत नसत.

दर रविवारी दुपारच्या खेळाला तात्या मला ओढून न्यायचे. इंग्रजीचा मास्तर म्हणून. बाहेर सोलापूरचं ऊन डोळ्यांत खुपत असे आणि आत एकदम गार काळोख. बाकांवर बहुतेक गिरणीतलीच माणसं. त्यांच्या अंगावरच्या कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि यंत्राचा पांढरा झोत त्यांच्यातून जायचा. पडद्यावरच्या बाईच्या आधी ते तंतूच उजळून निघायचे. मी त्यांच्याकडे बघत बसलो, की मला वेळेचं भान राहत नसे. अजूनही डोळे मिटले की मला आधी ते तंतू दिसतात, मग चित्र.

"काय म्हनली?" तात्या माझ्या बरगडीत कोपर खुपसून मला भानावर आणायचे.

आता खरं सांगायचं तर ते इंग्रजी मला झेपत नव्हतं. मी शिकवत होतो ते इंग्रजी दमानं चालणारं. ही मंडळी बोलत होती ती श्वास न घेता. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं निम्मं झालेलं. पण मास्तरला कळत नाही, हे त्या बाकांवर कबूल करायची माझी छाती नव्हती. एकदा पडद्यावर नायकानं सूप चाखून तोंड वाकडं केलं. नायिका काहीतरी फाडकन बोलली. तात्यांचं कोपर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो म्हणतो मीठ कुठं आहे. ती म्हणते, मीठ माझ्या बोलण्यात टाकलं सगळं. ऐकायला कान असते तर चव लागली असती."

हे वाक्य मी आदल्या मंगळवारी फळीपलीकडून ऐकलं होतं. आमटीबद्दल.

तात्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "परत म्हना की, मास्तर."

मी परत म्हणालो. मागच्या बाकावरचा एक पैलवान इतका हसला, की बाक हलला.

तेव्हापासून माझं काम सोपं झालं. त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या कितीतरी सुंदर बाया आमच्या थिएटरात अनसाकाकूंच्या तोंडानं बोलल्या. मागाचा पट्टा, ज्वारीचा कोंडा, सगळं तिकडच्या नायकांनी ऐकून घेतलं. दर वेळी तात्या "परत म्हना की" म्हणायचे आणि ओठ हलवून ते वाक्य स्वतःशी घोळवायचे.

परतताना सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आम्ही थोडं बसायचो. पाण्यावर ऊन उतरलेलं असे. तात्या म्हणायचे, "मास्तर, पिरीम म्हंजे काय ठावं हाय? पलीकडनं उत्तर येनं. मागावर हितनं धोटा फेकला, की तितनं माघारी आला पायजे. न्हाय आला, तर कापड हुईल का?" मग जरा वेळानं, "बघा तुमी, फुडं आपल्याकडचे बोलपट बी असंच करत्याल." या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आज कुठल्याही आपल्या चित्रात पोरगा-पोरगी पहिल्या भेटीत भांडली नाहीत, तर प्रेक्षकाला ती एकमेकांची नातेवाईक वाटतात.

मग एका सकाळी घोटाळा झाला.

तात्या नेहमीप्रमाणे दाढीला बसले होते. मी माझ्या दारात दात घासत उभा होतो. तात्यांनी भाकरीला काहीतरी नाव ठेवलं. आतून काकू म्हणाल्या, "सात केसं आन् थाट बगा. जनू अकलूजला ऊस तोडायला निगालाय."

आणि तात्या हसले. चांगले खांदे हलवून हसले. वस्तरा हनुवटीला लागला आणि फेसात लाल रेघ उमटली.

आतला भाकरीचा आवाज थांबला. काकू उठून आल्या, तात्यांच्या मागं उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावरून त्यांनी आरशात पाहिलं. मीही पुढं होऊन पाहिलं. आरशात चूल दिसत होती. चूल, चुलीतला जाळ आणि ज्या पाटावर त्या रोज बसत तो पाट. काकूंनी हळदीची चिमूट आणून हनुवटीवर दाबली आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून फळीपलीकडे शांतता. भाकरीचा आवाज तेवढा यायचा. तात्या कधी मीठ म्हणून ओरडत, कधी मंगळवेढ्यावर घसरत. उत्तर नाही. चार-पाच दिवसांनी त्यांनी ओरडणं सोडलं आणि दाढीही सोडली. त्या सात केसांकडे बघवत नव्हतं; मला नाही, आणि पदराआडून बघणाऱ्या काकूंनाही नाही.

रविवारी मी तिकिटाचं विचारलं, तर म्हणाले, "नको. तळ्यावर बसू."

तिथं ते माझ्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "मास्तर, मला ऐकू येत न्हाय." एवढं म्हणायला त्यांना फार जड गेलं. "दोन वर्सांमागं एकदा दाढी करताना आरशात बगितलं, तर हिचं व्हट हलत व्हतं. म्या खात्यात वाचतो तसं वाचलं. मला शिवी घालत व्हती हो." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका कोवळा झाला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"लगीन झालं त्या साली ती कायतरी बोलली, आन् आईसमोर म्या तिला म्हनलो, तोंड मिटून ऱ्हा. तवापास्नं 'बरं'बिगर शबूद न्हाय. मला वाटलं, म्या तिचं बोलनंच मारलं. आन् आरशात बगतो तर समदं जित्तं. ह्येवढं मोठं. म्या मागं फिरलो की गप. म्हनून दोनदा दाढी. तिनं बोलावं म्हनून भाकरीला नावं ठेवायची. भाकरी लई ग्वाड असती हो तिची."

मी म्हणालो, "मग बोलपट कशाला, तात्या?"

"तितं बाई त्वांडावर बोलती की. नवरा बगत असताना. आमच्यात बी तसं व्हईल, असं वाटायचं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आन् मास्तर, त्या गोरीनं मिठाचं म्हनलेलं... त्ये मंगळवारी आमच्या आरशात झालं व्हतं." मला कान लपवावेसे वाटले. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरं केलंत. आरशात एकदाच दिसतं. तितं परत ऐकाया मिळालं."

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण दोन फळ्यांच्या अलीकडे बसून ज्याला फुकटची करमणूक म्हणत होतो, ते पलीकडच्या माणसाचं सगळं आयुष्य होतं, याची मला लाज वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी मी माझ्या दारापासून थोडा पुढं, त्यांची चूल दिसेल असा उभा होतो. तात्या गॅलरीत उगीच कठड्याला टेकून बसले होते. काकू बाहेर आल्या. पदरानं आरसा पुसला, खांबाला लावला, मग आत जाऊन पाटावर बसून पाहिलं. परत आल्या. आरसा थोडा कलता केला. पुन्हा आत जाऊन बसल्या. पुन्हा आल्या आणि आरशामागं कागदाची घडी खोचली. मग उंबऱ्यात पाट टाकला आणि गरम पाण्याची वाटी ठेवली. तात्यांच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तात्या गुपचूप पाटावर येऊन बसले. फेस लावला. वस्तरा हातात घेतला. ओरडले मात्र नाहीत.

आत काकू चुलीकडे पाठ करून बसल्या होत्या. जाळाचा उजेड आता पाठीमागं राहिला, तोंडावर पडेना, म्हणून त्यांनी भर सकाळी चिमणी पेटवून समोर ठेवली होती. त्यांनी पदर थोडा मागं घेतला. एरवी त्यांचं बोलणं लाह्यांसारखं उडायचं. आज त्या एकेक शब्द तोंड उघडून, सावकाश, नीट सोडवून बोलल्या.

"सात. केसांचं. अस्वल. झालंय. तुमचं." मग तितक्याच सावकाश, "दिसतंय का, म्या काय म्हनते त्ये?"

तात्यांची पाठ हलली नाही. गालावरचा फेस एका बाजूनं ओघळायला लागला होता, तो त्यांनी पुसला नाही. इतक्या दिवसांत मी त्यांचा हळू आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"परत म्हन की," ते आरशाला म्हणाले.