मगदुमांचं विरजण

माझ्या सासऱ्यांची सगळी ओळखपाळख त्यांच्या पोटातल्या जिवाणूंकडे ठेवलेली होती, आणि बायपासनंतरच्या कडक औषधांमुळे ते जिवाणू बिऱ्हाड आवरून निघाले तेव्हा तीही बरोबर घेऊन गेले. यात कुणाची चूक म्हणता येणार नाही. ज्याच्या ताब्यात सामान असतं, तो निघताना ते नेणारच.

हृदय मात्र झकास चालू झालं होतं. डॉक्टर बागेवाडींनी ते दोनदा ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. अडचण वरच्या मजल्याची होती. माझे सासरे आनंदराव मगदूम, म्हणजे आमचे मामा, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. शुद्धीवर येताच त्यांनी मिरजेच्या दवाखान्यातल्या वॉर्डावर एक नजर फिरवली, घसा साफ केला आणि पुकारा केला, "इस्लामपूरमार्गे कराडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी रांगेत यावं."

आवाज इतका सरकारी होता की आसपासचे पेशंट सलाइनचे स्टँड ढकलत तीन नंबरच्या खाटेपाशी रांगेत उभे राहिले. खाटेवरचे गृहस्थही तयारीचे निघाले. "मागं सरका, मागं सरका, जागा हाय," असं म्हणत त्यांनी पाय जवळ घेतले.

तेवढ्यात माझ्या सासूबाई, इंदुमतीमामी, भेटायला आत आल्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "बाई, तुमची गाडी अजून लागलेली नाही. बाकड्यावर बसून घ्या."

मामी बाकड्यावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "जावईबापू, मला बाई म्हणाले ओ. सगळा जन्म 'अगं' म्हणत आलेत. माझं नाव तरी त्यांना ठाऊक हाय का न्हाई, असं वाटायचं मला. आता ते 'अगं' सुदिक गेलं."

मला एरवी सासूबाईंची कीव येण्याचे प्रसंग फार येत नाहीत, उलटच जास्त येतात. पण त्या दिवशी आली. मी डॉक्टरांना गाठलं.

"हृदय माझ्याकडे," डॉक्टर बागेवाडी म्हणाले. "पण ओळखपाळख पोटाच्या खात्यात येते. खाली कँटीनशेजारी लोंढेबाई बसतात. त्यांना वर बोलवा."

लोंढेबाई आंत्रसंपर्क अधिकारी होत्या. त्यांनी मामांच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, बेंबीच्या दिशेने वाकून मोठ्याने "आहे का कुणी?" असं विचारलं आणि ऐकत राहिल्या. मधूनमधून "बरं", "असं का", "कधीपासून?" असं चाललं होतं. मग त्या उठल्या.

"घर रिकामं आहे. एकटा म्हातारा राहिलाय, अपेंडिक्सच्या बोळात. त्याला हिंडवत नाही म्हणून तो निघाला नाही. तो म्हणतो, इथे राहत होती ती सगळी मगदुमांच्या विरजणातली माणसं. रोजच्या दह्यातून येऊन वस्ती केलेली. त्याच घराण्यातले आणून सोडा, ते बरोबर ओळखपाळख जागेवर लावतील."

मामींनी कपाळावर हात मारला. दवाखान्यात निघताना त्यांनी स्वयंपाकघर धुऊनपुसून लख्ख केलं होतं. चार दिवस घर बंद राहायचं, मागे शिळंपाकं काही ठेवायचं नाही, ही त्यांची शिस्त. दह्याचं भांडं तर त्यांनी कढत पाण्याने घासून पालथं घातलं होतं. सासूने दिलेलं विरजण त्यांनी आजवर एकदाही तुटू दिलं नव्हतं, आणि स्वच्छतेच्या भरात स्वतःच्या हाताने मोरीत सोडलं.

तोवर म्हणून त्यांनी कँटीनमधून डेअरीचं दही आणून मामांना भरवलं. ही त्यांची दुसरी चूक. दुपारनंतर मामांचा पुकारा थांबला. त्यांनी चहाचं दूध बोटांत चोळून पाहिलं, "फॅट लागत नाही, कॅन परत पाठवा," असं सिस्टरला बजावलं आणि मामींना विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या संकलन केंद्रावरच्या?"

लोंढेबाईंनी पुन्हा पोट ऐकलं. आता त्यांचा चेहरा गंभीर होता. "डेअरीचे उतरलेत. माणसं वाईट नाहीत, पण त्यांना तुमच्या घरचं काहीच माहीत नाही. सध्या पाहुणे म्हणून आहेत. सकाळच्या नाष्ट्यापर्यंत जुने आले नाहीत, तर हे कायमचे. एकदा बिऱ्हाड मांडलं की उठवणं फार जड जातं. त्या घराण्याचं विरजण आणखी कुणाकडे आहे?"

मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शालनकडं हाय."

शालन आवटी म्हणजे मामींच्या भिंतीपलीकडच्या शेजारच्या काकू. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिलं विरजण मामींनीच त्यांना भिंतीवरून दिलं होतं. पुढे आवटींच्या शेवग्याची फांदी भिंत ओलांडून मगदुमांच्या बाजूला आली. मामा निवृत्तीनंतर रोज अंगणात खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी. वेळेवर आहेत का ते बघत. फांदीमुळे कराडची गाडी दिसेना, तेव्हा त्यांनी तिला अतिक्रमण ठरवून शेंगांसकट तोडली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचा अबोला होता. संक्रांतीला तिळगूळसुद्धा भिंत ओलांडत नव्हता.

"मी तिच्या दारात जायाची न्हाई," मामी म्हणाल्या.

खाटेवरून मामांनी विचारलं, "बाई, गाईचं का म्हशीचं?"

मामी उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. शालनकाकू तुळशीपाशी दिवा ठेवून वळल्या तोच मामी फाटकात उभ्या. दोघींनी एकमेकींना नीट पाहून घेतलं. मधल्या वर्षांत कोण किती थकलं याचा हिशेब झाला असावा.

"विरजण पायजे हुतं," मामी म्हणाल्या. "ह्यांचं ऑपरेशन झालंय. मला वळखंनात."

काकूंनी आधी दिव्याकडे पाहिलं. "दिवा लागला, इंदूताई. तिन्हीसांजंला मी विरजण घराबाहेर देत न्हाई. माझ्या सासूनं दिलं न्हाई, मी बी देत न्हाई."

मामींचा चेहरा पडला. मला असा राग आला की सांगता सोय नाही. शेवग्याचा बुंधाच तोडायला हवा होता, असंही मनात येऊन गेलं. मामी आल्या पावली माघारी वळल्या.

"कुठं निघालासा?" काकू म्हणाल्या. "देत न्हाई म्हणलं मी. पेशंटला बघायला जाताना माझा डबा मी घिऊन गेले, तर त्यात कुणाला काय दिलं?" आणि त्या आत जाऊन दह्याचा डबा घेऊन आल्या.

रिक्षात दोघी शेजारी बसल्या. काकू डबा मांडीवर धरून डावीकडे बघत होत्या, मामी उजवीकडे. मी कडेला, अर्धा बाहेर. खड्डा आला की दोघींचे हात एकदम डब्यावर जात आणि एकदम मागे येत.

वॉर्डात लोंढेबाई तयारच होत्या. काकूंनी स्वतःच्या हाताने मामांना दही भरवलं. मामांनी पहिला चमचा तोंडात घोळवून "आंबटपणा बरा आहे" असा शेरा दिला, पण नंतर खाल्लं मुकाट्याने. जरा वेळाने पोट गुरगुरायला लागलं. लोंढेबाईंनी स्टेथोस्कोप लावला.

"डेअरीवाले कागद दाखवा म्हणतायत," त्या आम्हाला म्हणाल्या, आणि बेंबीकडे वळून ठणकावलं, "कागद कसले मागता? म्हाताऱ्याला विचारा. तो ओळखतो ह्यांना." पुन्हा गुरगुर. "आता म्हाताऱ्याला बाहेर आणलंय. तो एकेकाचं तोंड बघतोय. हां. रडतोय. गळ्यात पडला. झालं. डेअरीवाले सामान उचलतायत. दोघंतिघं राहू देत म्हणतात, कोपऱ्यात."

"राहू देत की," मामी म्हणाल्या. त्या पुन्हा त्याच बाकड्यावर बसल्या होत्या, टोकाला. हात घट्ट जुळवलेले.

मामांनी डोळे उघडले. छत पाहिलं, सलाइन पाहिलं, मला पाहिलं आणि नेहमीसारखी किंचित नाराजी दाखवली. मला फार बरं वाटलं. मग त्यांची नजर बाकड्यावर गेली.

"अगं," मामा म्हणाले, "किती येळ बसलीयास त्या बाकड्यावर? हिकडं ये की."

मामी गेल्या. खाटेचा दांडा धरून उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. तीन नंबरच्या गृहस्थांनीही डोळे पुसले.

शालनकाकू रिकामा डबा पिशवीत घालत होत्या. "येते मी," त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या.

"थांबा, वैनी," मामा म्हणाले. "शेंगांची आमटी केली की तुम्ही एक वाटी झाकून ठेवता. फ्रिजमधी, आमच्या दह्याच्या डब्याशेजारी, दुधाच्या पातेल्यामागं. दर खेपंला म्हणता, उद्या इंदूताईला दीन. आन दुसऱ्या दिवशी सोताच खाता. रडत."

लोंढेबाईंनी स्टेथोस्कोप हळूच काढून घेतला. काकू पिशवीच्या बंदाशी खेळत राहिल्या.

"रडत न्हाई," अखेर त्या म्हणाल्या. "तिखट असती."

"मग गूळ घालावा जरा," मामी नाक पुसत म्हणाल्या. "तुला कवाच आमटी जमली न्हाई. उद्या मला वाटी आण, मी सांगते."

मामा घरी आले. डेअरीच्या राहिलेल्या दोघातिघांमुळे ते अधूनमधून दूधवाल्याला फॅटवरून झापतात, आणि काकूंच्या डब्यातून आलेल्यांमुळे आवटींच्या घरात साखर कुठे ठेवली आहे हे काकूंच्या आधी सांगतात. काकू त्याप्रमाणे डबा काढतात. विरजण सकाळच्या उजेडात भिंतीवरून परत आलं, सोबत आमटीची वाटीही आली.

शेवग्याला नवी फांदी फुटली आणि भिंतीवरून अलीकडे आली. मामांनी खुर्ची तिच्या सावलीत ओढली. आता त्यांना रस्ता दिसत नाही. पलीकडून काकू ओरडून सांगतात, "भावजी, कराड गेली वं!"

"उशिरा गेली," मामा म्हणतात, आणि मामींना हाक मारतात, "अगं, ऐकलंस का?"